खोक्यांची वही : साखळी (गोवा) ते ५६ एपीओ

२२ जुलै २०२४, सोमवार

काल रात्री धाकट्या भावाचा फोन आला, सैन्यात आहे तो. पोचला. कुठे ते लिहायचं नाही, असं त्यानेच बजावलंय. उंचावर आहे आणि थंडी आहे, वहीला एवढं पुरे. आईने विचारलं, "जेवलास?" मग विचारलं, "काय पाठवू?" तो म्हणाला, "काही नको गं, इथे सगळं मिळतं." यावर घरात कुणाचाच विश्वास बसला नाही.

वही दुकानातलीच आहे. पुढच्या बाजूने गिऱ्हाइकांच्या ब्लाउजची मापं, मागच्या बाजूने आजपासून खोक्यांच्या नोंदी. माप लिहून ठेवलं की चूक दुसऱ्यांदा होत नाही, निदान तीच होत नाही.

राखी १९ ऑगस्टला. चार आठवडे हातात आहेत.

आईची यादी, तिने सांगितली तशी: हाताने विणलेले स्वेटर दोन, खोबरेल तेल एक लिटर, नेवऱ्या (करंज्या) पन्नास, लिंबाचं लोणचं, फणसाचे तळलेले गरे, सोलं (आमसुलं), साबण सहा, कापराच्या वड्या (वर दम लागतो म्हणे, हुंगायला). भावजयीने त्यात पॉवर बँक घातली. काकांनी "सर्दीपुरती" काजूची फेणी सुचवली. काट्यावर ठेवलं नाही, पण अकरा किलोच्या खाली नसावं.

२४ जुलै

पोस्टात जाऊन आले. पाऊस असा, की बाजारात जो तो वाळवंटी नदीचं पाणी कुठवर चढलं एवढंच विचारत होता. पोस्टात चिटपाखरू नव्हतं, म्हणून पोस्टमास्तर निवांत बोलले.

पत्त्यात गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मग "द्वारा ५६ एपीओ" आणि पिनकोड. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. ५६ एपीओचं टपाल दिल्लीच्या सेंट्रल बेस पोस्ट ऑफिसात गोळा होतं, ९९ एपीओचं कोलकात्याच्या, आणि तिथून पुढे सैन्याचं स्वतःचं डाक खातं ते नेतं. खासगी कुरिअर या पत्त्यावर जात नाही. कोपऱ्यावरच्या कुरिअरवाल्याने मला परवा "पाठवतो की" म्हणून पैसेही सांगितले होते. विसंबले असते तर खोका दिल्लीत कुणाच्या तरी गोदामात पावसाळा काढत बसला असता.

पिनकोड ९ ने सुरू होतो. आमचा ४०३, म्हणजे महाराष्ट्राच्याच ४ नंबर विभागातला. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला तेव्हा देशाचे आठ विभाग केले आणि नववा आकडा सैन्याच्या डाकेला दिला. सैन्याच्या डाक खात्याची वेगळी कोअर झाली तीही त्याच वर्षी, १ मार्चला. पिनकोडची पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. हे सांगताना पोस्टमास्तर खुर्चीत जरा ताठ बसले.

शेजारच्या मावशींचा मुलगा नौदलात आहे. त्यांना वाटलं, त्याचाही पत्ता असाच. तसं नाही. त्याच्याकडचं टपाल मुंबईच्या फ्लीट मेल ऑफिसमार्फत जातं.

यादीतून तिथल्या तिथे गळालं ते असं: पॉवर बँक, कारण लिथियमची बॅटरी. कापूर, कारण पेट घेतो. आणि फेणी. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे पोस्टमास्तरांना सांग, असं काकांनी बजावलं होतं. सांगितलं. ते हसले आणि नाही म्हणाले.

२७ जुलै, शनिवार

खोका १. वजन ६ किलो ४०० ग्रॅम.

पुठ्ठ्याचा खोका, त्यावर मांजरपाट, दाभणाने सुतळीचे टाके. हल्ली कुणी कापड चढवत नाही, टेप मारून मोकळे होतात. पण पावसात पुठ्ठा दमट झाला की टेप सालासारखी सुटते. आणि शिवणं हे एक काम तरी मला येतं.

नेवऱ्यांवरून वाद झाला. आईला ओल्या खोबऱ्याच्या हव्या होत्या. ओलं खोबरं दिल्लीच काय, पुणंसुद्धा बघणार नाही. शेवटी सुकं खोबरं, भाजलेला रवा, खसखस, पिठीसाखर. आई तळताना एक शब्द बोलली नाही, म्हणजे पटलं नव्हतं. स्वेटर एकच घेतला. तेल अर्धा लिटर, प्लास्टिकच्या बाटलीत, झाकणाला टेप. मधल्या रिकाम्या जागेत जुन्या पेपरांचे बोळे. पत्ता कापडावर मार्करने.

५ ऑगस्ट

ट्रॅकिंग दिल्लीपर्यंत दिसलं, पुढे गप्प. आई दिवसातून चारदा विचारते, मी चारदा तेच सांगते.

१४ ऑगस्ट

पोचला. अठरा दिवस लागले. राखी वेळेत मिळाली. बाकीचा हिशेब धाकट्याने हसत हसत दिला, मी न हसता लिहून घेतला.

तेल इथून निघालं तेव्हा पातळ होतं. वाटेत झाकणातून झिरपून स्वेटरमध्ये उतरलं आणि वर पोचल्यावर तिथेच गोठलं. खोबरेल २४ अंशांच्या खाली घट्ट होतं, हे मला दर डिसेंबरात बाटलीत काडी घालताना दिसतं, पण सुचलं नाही. स्वेटर पुठ्ठ्यासारखा उभा राहतो म्हणाला. बाटलीत उरलेलं तेल सुरीने कापून काढावं लागतं. नेवऱ्यांची पारी वेगळी, सारण वेगळं. चमच्याने खाल्लं, चव चांगली होती, असं आईला सांगायला सांगितलं. गऱ्यांची पिशवी उशीसारखी फुगली होती, कात्री लावताच फाट्कन आवाज झाला आणि दोघे जण पटकन वळले. साबणाचा वास लोणच्याला लागला. शिवाय साबण त्यांच्या कॅन्टीनमध्ये मिळतोच. गरम कपडे तर सरकारी इतके चांगले आहेत, की आईचा स्वेटर तेल लागलं नसतं तरी पिशवीतच राहिला असता. हे आईला सांगितलेलं नाही.

मार्करची शाई पावसात पसरली होती. नंबरातला ३ आहे की ८, यावरून खोका कुठेतरी अडला. कळलं ते पोचवणाऱ्याच्या तोंडून.

काय आवडलं? सोलं. एका दिवसात संपली, लोक गोळीसारखी चोखत होते. आणि पेपरचे बोळे. सगळे उलगडून, हाताने सपाट करून वाचले. त्यात आमच्याकडच्या जत्रेतल्या नाटकाची जाहिरात होती, तीन महिन्यांपूर्वीची. ती त्याने पलंगाजवळ चिकटवली आहे.

१८ ऑगस्ट

सुभेदारकाकांकडे गेले. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, भरती बेळगावची, लडाख-सिक्कीम दोन्ही पाहिलेले. वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून खोका १ ची पानं माझ्या शाळेतल्या बाईंसारखी तपासली.

"हे पार्सल कुणासाठी केलं होतंस?"

"धाकट्यासाठी."

"मग चुकलंच. खोका एकाच्या नावावर येतो, पण उघडतो सगळ्यांच्या मध्ये. त्याच्या खोलीत किती जण?"

"आठ."

"मग प्रत्येक वस्तूला आठाने भाग गेला पाहिजे. पन्नास नेवऱ्या म्हणजे सहा-सहा आणि दोन उरल्या. त्या दोनांवरून जेवणापेक्षा जास्त बोलणं होतं."

दुसरं त्यांनी सांगितलं ते पाण्याचं. साधारण दर तीनशे मीटरला पाणी एक अंश लवकर उकळतं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे ८८ अंशांच्या आसपासच पाणी खळखळतं, त्याहून तापतच नाही. डाळ-तांदूळ कुकरशिवाय शिजत नाहीत, डाळ तर टणकच राहते. लंगरखान्यात मोठे कुकर आहेत, पोटाची काळजी नाही. पण खोलीत चार माणसांनी रात्री काही करून खायचं म्हटलं तर शिजवावं लागणारं काही पाठवू नये. भिजवून होणारं पाठवावं. गरे का फुगले तेही उलगडलं: त्या उंचीवर हवेचा दाब इथल्या दोन तृतीयांशाच्या आत-बाहेर. इथली हवा पिशवीत कोंडून पाठवली की ती तिथे हातपाय पसरणारच.

निघताना म्हणाले, "औषधं पाठवू नकोस, पलटणीत डॉक्टर असतो. आणि खोक्याचा पत्ता दिसेल असा फोटो कुठे टाकू नकोस."

२५ ऑगस्ट, रविवार

दुकान बंद, माळ्याच्या जिन्यावर प्रयोग. अकरा पायऱ्या.

पहिला खोका: चोवीस नेवऱ्या प्लास्टिक पिशवीत, भोवती पेपर. वरून लोटला. पाच शाबूत.

दुसरा: चोवीस नेवऱ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, एक थर नेवऱ्या, एक थर चिरमुल्या (चुरमुरे), डबा हलवला तर आवाज येणार नाही इतक्या दाबून. लोटला. एकवीस शाबूत. भाचा म्हणाला, परत लोटूया. परत लोटला. वीस.

म्हणजे भरण म्हणून थर्माकोल नको, पेपरही दुय्यम. चिरमुल्या भराव्या. वजन नगण्य, दणका खातात, आणि पोचल्यावर त्यांचा भेळीसारखा चिवडा होतो. भरणसुद्धा खाता आलं पाहिजे, ही कल्पना माझी, आणि तिचं मला जरा कौतुक वाटतंय.

पिशव्या: प्लास्टिकच्या सीलबंद पिशव्यांऐवजी अस्तराच्या उरलेल्या तुकड्यांच्या नाडीच्या थैल्या शिवायच्या. कापडातून हवा जाते-येते, फुगायचा प्रश्नच नाही. ज्याला ओल लागू नये ते आधी पातळ पिशवीत, हवा दाबून काढून, मग थैलीत. दुकानात अस्तराच्या कापट्यांची दोन पोती पडून आहेत. मोरपंखी, आबोली, राणी रंग. सैनिकाला राणी रंगाची थैली चालेल का, भावजयीने विचारलं. सोलं ठेवायला रंग कशाला बघायचा?

७ सप्टेंबर

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. वही बंद. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना धाकट्याची आठवण निघाली. स्टुलावर चढायचं काम दरवर्षी त्याचं.

१४ सप्टेंबर

खोका २. वजन ४ किलो ९०० ग्रॅम.

चोवीस नेवऱ्या डब्यात, म्हणजे तीन-तीन. खाजें सोळा कांड्या. खाजें प्रवासाला बनलेलंच आहे, जत्रेतून घरी येईपर्यंत त्याला काही होत नाही तर डोंगरात काय होणार. बेसन, गूळ, आलं. आल्याचा झणका थंडीत बरा. सोलं पाव किलोच्या दोन थैल्या. कुळथाचं भाजलेलं पीठ: कोमट पाण्यात कालवून दोन कढ आले की पिठी तयार, जास्त उकळी लागत नाही. सुका मसाला वेगळा. काजूगर भाजलेले. लोणचं नाही, तेल नाही. तेलाऐवजी ओठांना लावायच्या मलमाच्या आठ कांड्या, थंड वाऱ्याने ओठ फाटतात म्हणून.

आणि गालमो, म्हणजे सुका जवळा. धाकट्याने स्वतःहून मागितलेली ही एकच वस्तू. पुरुमेंताचा (पावसाळ्यासाठीच्या साठवणीतला), मे महिन्यात घेतलेला सुका गालमो आईने मंद आचेवर भाजला, गार करून स्टीलच्या घट्ट डब्यात भरला, डबा दोन पिशव्यांत, पिशव्या थैलीत. तरी पोस्टातला काउंटरवरचा मुलगा नाक उचलून म्हणाला, "ताई, आत काय आहे ते मला लिहून देऊ नका, कळलं."

पत्ता या वेळी कापड चढवायच्या आधी शाईच्या पेनाने, वाळवून, वरून मेणबत्ती घासली. शिवाय आत, सगळ्यांत वर, कागदावर तोच पत्ता पुन्हा. बाहेरचा गेला तर आतला वाचेल.

पेपर मुद्दाम घातले. गेल्या आठवड्याचे, न चुरगाळता.

२८ सप्टेंबर

चौदा दिवसांत पोचला. नेवऱ्यांतल्या दोन मोडल्या, त्या त्याने पटकन स्वतः खाल्ल्या, म्हणजे भाग चुकला. सांगितलं तर म्हणतो, मोडक्या मोजत नाहीत.

गालम्याचं किसमूर, म्हणजे सुकी कोशिंबीर, केलं. ओलं खोबरं नव्हतं, सुक्यावर भागवलं. दोन शाकाहारी जण दार उघडून बाहेर उभे राहिले, त्या थंडीत. त्यांना भरपाई म्हणून खाजें जास्त दिलं. पुढच्या खोक्यात त्या दोघांसाठी वेगळं काही हवं. हे लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

थैल्या कुणी टाकल्या नाहीत. एकाने त्यात चार्जर ठेवलाय, एकाने पत्रं. राणी रंगाची कुणी घेतली ते सांगायला तयार नाही.

४ ऑक्टोबर

बातमी फुटली. आमच्या बायकांच्या बचत गटाने ठरवलं, दिवाळीला आजूबाजूच्या गावांतल्या नऊ मुलांना नऊ खोके पाठवायचे. अध्यक्ष मी, कारण वही माझ्याकडे.

पहिला तासभर प्रत्येकीला आपल्या हातची वस्तू नऊही खोक्यांत हवी होती. एकीला बिबिंका, थराथरांचा केक. अंडी, नारळाचं दूध, तूप. दोन आठवडे लॉरीत. मानांकन त्यालाही आहे, पण ते घरीच खावं. एकीला रव्याचे लाडू, पाकातले. चालतील. कोपऱ्यातल्या काकी शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझा मुलगा लाडू खात नाही. त्याला चणे हवेत, साधे, मीठ लावलेले." म्हणून ठरलं: प्रत्येक खोक्यात सामायिक माल, आणि एक थैली फक्त त्या घरची. त्यात काय आहे ते कुणी बघायचं नाही. वजन मात्र अर्ध्या किलोच्या आत.

एका पुढाऱ्याचा माणूस आला होता. खोक्यांचा टपालखर्च "साहेब" देतील, बाजूला साहेबांचा फोटो छापलेला कागद चिकटवायचा. मी म्हटलं, बाजूला कापडाची शिवण येते. तो म्हणाला, मग वर. वर पत्ता येतो. खाली? खाली चिकटवून कुणाला दिसणार, असं तोच म्हणाला आणि गेला. टपालखर्च वर्गणीतून.

गटातल्या एकीने उत्साहात पत्त्याच्या चिठ्ठ्यांचा फोटो स्टेटसला टाकला. नंबर, पलटण, सगळं. वीस मिनिटांत काढायला लावला. तिला वाईट वाटलं, पण इलाज नाही.

७ ऑक्टोबर

शाळेतल्या मुलांची पत्रं आली. बत्तीस. सगळ्यांत एकच मजकूर, फळ्यावरून उतरवलेला, "तुम्ही आहात म्हणून आम्ही सुखाने झोपतो" धरून. दोघांनी "झोपतो" ऐवजी "झोपवतो" लिहिलं होतं, तीच त्यातली वाचण्यासारखी. गठ्ठा परत नेला. म्हटलं, फळा पुसा आणि त्यांना या आठवड्यात काय झालं ते लिहू द्या. बाईंना राग आला. पण आज नवी आली. एकीच्या म्हशीला रेडकू झालं, त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. एकाने विचारलंय, "तुमच्याकडे बेडूक ओरडतात का? आमच्याकडे आता गप्प झाले." एकाने फक्त नरकासुराचं चित्र काढलं, जीभ कागदाबाहेर जाईल इतकी लांब. पाकिटं भरली.

९ ऑक्टोबर

भरणी. दुकानातली दोन्ही मशीनं भिंतीला लावली, कटिंगच्या टेबलावर नऊ खोके ओळीने.

मुख्य माल फोव, म्हणजे पोहे. आमच्याकडे नरकचतुर्दशीला फराळाच्या आधी फोव, तेही एका प्रकारचे नाहीत: गुळाचे, तिखशे, ताकातले, रोसातले. आणि सुभेदारकाकांच्या नियमात फोवांइतकं चपखल काही बसत नाही. भिजवले की झाले, पाणी कितीही अंशांवर उकळो. दर खोक्यात दोन किलो जाड फोव, तेच भरण, त्यामुळे चिरमुल्या कमी. गूळ किसून वेगळ्या थैलीत. आधी कालवला तर फोव चामट होतात. सुकं खोबरं आणि वेलची वेगळी. तिखश्यासाठी मिरची, हिंग, कढीपत्ता कोरडा भाजून मीठ-साखरेबरोबर कुटलेला. रोसासाठी नारळाच्या दुधाची पावडर. एक चिठ्ठी: कोणता प्रकार कसा. ती लिहायला बसलो तर चार बायकांच्या चार रीती निघाल्या. शेवटी काकींची धरली, त्या सगळ्यांत हळू बोलतात म्हणून.

त्याशिवाय शंकरपाळे, रव्याचे लाडू सोळा, सोलं, एक दिवाळी अंक. अंक जड पडतो, पण आठ जण फाडून वाटून घेतील. तेलाचे दिवे नाहीत, मातीच्या दोन रिकाम्या पणत्या आहेत. वात, तेल तिथलं.

आता कारीट, ते छोटं कडू रानफळ. धाकट्याने फोनवर विचारलं होतं, "कारीट पाठवशील?" पहाटे अभ्यंग झाल्यावर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडल्याशिवाय आमची दिवाळी उजाडत नाही. पण तीन आठवड्यांत कारीट पाणी सोडेल आणि खोका नासवेल. रात्री दुकानात बसून हिरव्या खणाचं एक शिवलं. अंड्याएवढं, वर पांढऱ्या दोऱ्याचे पट्टे, देठाला सुतळी. आत काय भरावं? कापूस भरला तर पायाखाली नुसतं दबेल. चिरमुल्या भरल्या. जमिनीवर ठेवून अंगठ्याने दाबलं: कर्रकन. आवाज अगदी तसा नाही, पण जवळचा. नऊ शिवली, रात्रीचा एक वाजला. नवव्याचे पट्टे तिरके आलेत, ते धाकट्याच्या खोक्यात.

१० ऑक्टोबर, गुरुवार

नऊ खोके पोस्टात. दसऱ्याच्या आत हवेच होते, नाहीतर सुट्ट्या आड येतात. सगळ्यांत जड ५ किलो ७००, हलका ५ किलो २५०. फरक घरच्या थैल्यांचा.

२ नोव्हेंबर

आठ पोचले, सातांचे फोन आले. पहिला वीस ऑक्टोबरला, शेवटचा एकतीसला दुपारी, म्हणजे फोव संध्याकाळी झाले. एकाच्या आईने सांगितलं, मुलाने रेडकाबद्दल विचारलंय, नाव काय ठेवलं म्हणून. निरोप शाळेत दिला. ठेवलेलं नव्हतं, आता ठेवणार आहेत.

नववा खोका कुठे आहे, कळत नाही. तो काकींचा.

धाकट्याकडे कारटावरून गोंधळ झाला. चूक माझी. लाडू सोळा, पणत्या दोन, आणि कारीट एकच. आठाने भाग कसा जाणार? प्रत्येकाने गावाकडची रीत सांगितली, कुणी डावा पाय म्हणे, कुणी उजवा. शेवटी मान दिला तो उत्तरेकडच्या ड्रायव्हरला, कारण त्याने कारीट जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने बुटासकट पाय दिला. खण फाटला नाही, याचं मला बरं वाटलं. आतल्या चिरमुल्यांचा भुगा झाला. आता त्याचीच पिनांची उशी केलीय म्हणे.

१५ नोव्हेंबर

त्रिपुरारी पौर्णिमा. विठ्ठलापूरला वाळवंटीकाठी होड्या बघायला सगळे गेलो. धाकट्याला व्हिडिओ पाठवला. रेंज नसावी, अजून एकच खूण आहे.

३ डिसेंबर

नववा खोका परत आला. पलटण हलली होती, नवा पत्ता खोक्याच्या मागे धावला आणि चुकला. टाके तसेच, कापड मळलेलं, चार ठिकाणचे शिक्के. काकींनी खोका दुकानात आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "उघड. तुला वहीत लिहायचं असेल."

चोपन्न दिवसांनी आतली स्थिती: फोव उत्तम. सोलं उत्तम. गूळ किंचित पाझरलेला, थैलीला डाग. खोबऱ्याला हलका खवट वास. शंकरपाळे तेलकट वासाचे, खाऊ नयेत. लाडू वरून ठीक, फोडल्यावर आत पांढरी बुरशी. पाक कच्चा राहिला असणार. दिवाळी अंक कोरा करकरीत. नेवऱ्या या खोक्यांत नव्हत्या, त्यांचं कळलं नाही. म्हणजे पुढच्या वेळी तळलेलं कमी, भाजलेलं जास्त.

काकींची थैली त्यांनी स्वतः उघडली. चणे. दोन तोंडात टाकले, चावून पाहिले, "लागतायत अजून" म्हणाल्या. नवा पत्ता आलाय. तेच चणे, नवे फोव, मुलांची तीच पत्रं, नवं मांजरपाट, उद्या जाईल. कारीट तेवढं मी त्यातून काढून ठेवलं होतं. काकींनी परत आत टाकलं.

११ डिसेंबर

बेळगावहून चोर्ला घाटाच्या बसने कंडक्टरच्या हाती एक पुडकं आलं. धाकट्याच्या पलटणीतला एक जण सुट्टीवर उतरलाय, त्याने पाठवलं.

माझाच मांजरपाट, उलटा करून. खोका २ चा. आतल्या बाजूला मेणाचे डाग आणि पुसट पत्ता. सुतळीही माझीच, पण टाके त्याचे. पहिले चार बोटभर लांब, दातासारखे. पाचव्यापासून जवळ येत गेलेत, आणि कोपऱ्यावर तर त्याने दुहेरी टाका घालायचा प्रयत्न केलाय, मी घालते तसा. जमलेला नाही. कात्रीने कापायच्या ऐवजी एकेक उसवला, अर्धा तास गेला.

आत राणी रंगाची थैली. म्हणजे ती त्यानेच घेतली होती. थैलीत सुके जर्दाळू, लडाखचे, छोटे, आठळीसकट. वजन ९०० ग्रॅमला थोडं कमी. चिठ्ठी नाही.

आईने ताटात ओतले, मी मोजले. एकशे एकोणचाळीस. घरात आम्ही पाच. चार उरले, आणि त्या चारांवरून आता रात्रीचे साडेनऊ वाजलेत तरी बोलणं चाललंय.